भाचीने मंत्र्यावर पोस्ट टाकली, आता पोलिस स्टेशन आणि चॅनल दोन्हीकडून फोन: काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भाची मराठी सिरीयलमध्ये काम करते, तिने एका मंत्र्यावर चार-पाच ओळींची तिरकस पोस्ट टाकली, दोन तासात स्क्रीनशॉट गावभर फिरले, तिने घाबरून पोस्ट उडवली, आता कुणा कार्यकर्त्याने पोलिस स्टेशनला अर्ज दिलाय, चॅनलवाले म्हणतायत आज रात्रीच्या आत माफीचा व्हिडिओ टाक, आणि तुम्ही विचारताय की आपल्याकडे अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे ना, मग हे सगळं चालतं कसं.

ताई, मी मुंबईत फौजदारी वकिली करतो, बावीस वर्षं झाली, आणि नाटक-सिनेमा-सिरीयलवाल्यांची अशी प्रकरणं इतकी बघितलीयत की हल्ली रात्री दहानंतर अनोळखी नंबर आला की बायकोच विचारते, "आज कोण काय बोललं?" तेव्हा सरळ सांगतो. स्वातंत्र्य आहे. अगदी पक्कं आहे. पण ते कोर्टात मिळतं, आणि कोर्ट सकाळी साडेदहा-अकराला उघडतं. तुमचा त्रास रात्री साडेनऊला सुरू झालाय. या मधल्या तासांमध्ये माणसं ज्या चुका करतात त्या निस्तरायला पुढे दोन-दोन वर्षं जातात, म्हणून कायदा नंतर सांगतो, आधी आजची रात्र.

पोस्ट उडवली ते उडवली, आता परत टाकू नका आणि खुलासाही टाकू नका. पण मूळ मजकूर, वेळेसकट, पूर्णच्या पूर्ण कुठेतरी जपून ठेवा, कारण फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये लोक वरची ओळ कापतात, खालची स्मायली कापतात, ध चा मा होतो, आणि तक्रारीला तोच कापलेला फोटो जोडलेला असतो. धमक्यांचे मेसेज उडवू नका, ब्लॉक करायच्या आधी नंबर दिसेल असा फोटो काढा. बाईमाणूस असली की "तुला बघून घेतो" वर थांबत नाही, काय काय लिहितात ते मी इथे लिहूही शकत नाही. तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची तक्रार आपण करायची, पण नव्वद टक्के लोक स्वतःची केस वाचवण्याच्या नादात ती करतच नाहीत. आणि पोलिस स्टेशनमधून फोन आला तर नीट, नम्रपणे बोलायचं, "साहेब, वकिलांशी बोलून येते, लेखी नोटीस द्या," बास. फोनवर "हो मीच लिहिलं, पण माझा तसा उद्देश नव्हता" हे वाक्य बोलायचं नाही. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण बोलतोच.

आता तो अर्ज. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, हे पहिल्यांदा डोक्यात बसवा. आपल्या पोलिस स्टेशनला तीन गोष्टी होतात: नुसता अर्ज घेतात, एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार लिहितात, नाहीतर एफआयआर. नेत्याची बदनामी झाली म्हणून कार्यकर्ता चिडलाय, ठीक आहे, पण बदनामी, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम ३५६, हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलिस स्वतःहून त्याचा एफआयआर घेऊ शकत नाहीत, आणि तक्रार साधारणपणे ज्याची बदनामी झाली त्यानेच मॅजिस्ट्रेटसमोर करायची असते. साहेबांची बदनामी झाली म्हणून साहेबांचा कार्यकर्ता हळवा होतो ते राजकारण झालं. मग होतं काय, की अटक करता यावी म्हणून बदनामीसोबत दुसरी कलमं चिकटवतात: १९६, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं १५३अ, दोन गटांत तेढ. ३५३, म्हणजे जुनं ५०५, अफवा, लोकांना भडकवणारी विधानं. कुठे देवाचं नाव आलं तर २९९, धार्मिक भावना दुखावणं. ही बहुतेक दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणून उद्या एफआयआर झालाच तर पेपरात बातमी काय आलीय ते बघू नका, कलमं कुठली लावलीयत ते मला पाठवा, माझा अर्धा अंदाज तिथेच येतो.

तेढ म्हटलं की दोन गट पाहिजेत. एक नेता हा गट नसतो. जेम्स लेनच्या पुस्तकावरून पुण्यात जो गुन्हा झाला होता तो २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला, तेव्हा हेच सांगितलं होतं, की दोन समाज असले पाहिजेत आणि लिहिणाऱ्याचा तेढ माजवायचा हेतू दिसला पाहिजे. आणि शब्द कुणाच्या कानांनी ऐकायचे, तर त्याची मोजपट्टी आपल्या नागपूरची आहे बरं का. १९४७ साली नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहून ठेवलंय, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेतून मोजायचा, जो प्रत्येक विरोधी मतात संकट बघतो त्या घाबरटाच्या नजरेतून नाही. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हीच मोजपट्टी परत वापरली, तीही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकासाठी, त्यांनी ३७० कलम हटवल्यावर टीका करणारं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवलं होतं आणि १५३अ लागलं होतं. गुन्हा रद्द झाला. पण स्टेटस २०२२ चं, निकाल २०२४ चा. या दोन तारखांमधलं अंतर हीच खरी शिक्षा, बाकी कोर्ट करते ती शिक्षा क्वचितच होते अशा केसेसमध्ये.

खुशबूचं उदाहरण मी नेहमी देतो. तमिळ अभिनेत्री, २००५ मध्ये एका मासिकात लग्नाआधीच्या संबंधांबद्दल एक साधं मत दिलं, त्यावर तमिळनाडूत गावोगावी मिळून २३ फौजदारी तक्रारी झाल्या. एप्रिल २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या रद्द केल्या. निकाल वाचला की छाती फुगते. पण पाच वर्षं ती बाई तारखा मोजत होती ते निकालात कुठे लिहिलेलं नसतं.

आता घरचं उदाहरण. केतकी चितळे. मे २०२२. तिने फेसबुकवर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली कवितेसारखी पोस्ट शेअर केली, रोख शरद पवारांवर, पूर्ण नाव न घेता. मला स्वतःला ती पोस्ट अजिबात आवडली नव्हती, एखाद्याच्या वयावर, आजारपणावर बोलणं हे टीका म्हणूनही हलकंच. पण आवडणं हा इथे मुद्दाच नाही. १४ मेला ठाणे पोलिसांनी तिला ताब्यात घेतलं. कळंबोली पोलिस स्टेशनच्या बाहेर तिच्यावर शाई आणि अंडी फेकली गेली, पोलिसांच्या गराड्यात असताना. राज्यभरात वीसच्या वर गुन्हे दाखल झाले. जामीन मिळून बाहेर यायला २३ जून उजाडला. म्हणजे सुमारे चाळीस दिवस. एका शेअर केलेल्या पोस्टला. ज्या कलमांना जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे आणि जिथे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर आधी नोटीस देऊन बोलवायचं, अटक सरसकट करायची नाही, असा दंडक आहे, तिथे. त्याच सुमाराला नाशिकचा एक फार्मसीचा विद्यार्थीही ट्विटवरून आत होता, आणि हायकोर्टाने सरकारला जवळपास असंच सुनावलं, की अशाने ज्या मोठ्या माणसासाठी तुम्ही हे करताय त्यांच्याच नावाला बट्टा लागतोय.

वीस-वीस गुन्हे कसे होतात, तर प्रत्येक तालुक्यातल्या पदाधिकाऱ्याला आपली निष्ठा दाखवायची असते. कायद्याने एकाच कृत्यासाठी दुसरा एफआयआर होत नाही, २००१ पासून सुप्रीम कोर्टाचं हेच मत आहे आणि २०२० मध्ये अर्णब गोस्वामीच्या केसमध्ये तेच वापरून वेगवेगळ्या राज्यांतले एफआयआर रद्द करून एकच मुंबईत चालू ठेवला. पण ते मिळवायला दिल्ली गाठावी लागते, तिथल्या वकिलाची फी द्यावी लागते. सिरीयलमधल्या मुलीकडे कुठून येणार हो? मोठ्या स्टारचं स्वातंत्र्य आणि छोट्या नटाचं स्वातंत्र्य घटनेत एकच आहे, बाहेर फी पावतीवर वेगळं आहे.

दुसरं, स्टँडअप करणारा कुणाल कामरा, मार्च २०२५. खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत शो केला, जुन्या हिंदी गाण्याच्या चालीवर एकनाथ शिंद्यांबद्दल विडंबन, "गद्दार" शब्द. शिंद्यांचं नाव घेतलं नव्हतं. २३ मार्चला व्हिडिओ आला, त्याच रात्री शिवसैनिकांनी स्टुडिओ फोडला. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन त्याच जागी, अनधिकृत बांधकाम म्हणून. गंमत बघा, गाणं म्हटलं कामराने आणि खुर्च्या मोडल्या हॅबिटॅटच्या, सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. स्टुडिओवाल्यांनी जागा बंद करत असल्याचं जाहीर केलं. तोडफोड केल्याबद्दल बाराजणांना अटक झाली, त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला. कामरा तोवर तमिळनाडूत, तिथलाच रहिवासी, त्याने मद्रास हायकोर्टातून ट्रान्झिट अटकपूर्व जामीन, म्हणजे मुंबईच्या कोर्टात पोचेपर्यंतचं तात्पुरतं संरक्षण, घेतला २८ मार्चला. योगायोग असा की त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने इम्रान प्रतापगढी या कवी-खासदारांवरचा जामनगरचा गुन्हा रद्द केला, एका कवितेच्या व्हिडिओवरून झालेला, आणि म्हटलं की प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षं झाली, एखाद्या कवितेने किंवा स्टँडअपने हलावेत इतके आपले पाय डळमळीत असू नयेत. २५ एप्रिलला मुंबई हायकोर्टाने कामराची याचिका दाखल करून घेतली, निकाल लागेपर्यंत अटक नाही, जबाब घ्यायचा तर चेन्नईला जाऊन घ्या, असं पोलिसांना सांगितलं.

केतकी आणि कामरा शेजारी शेजारी ठेवून बघा. राग दोन्हीकडे सारखाच, कलमं थोडीफार तीच. फरक कुठे पडला? केतकी घरातून उचलली गेली, कामरा राज्याबाहेर होता आणि वकील आधी पोचला. म्हणून मी तुमच्या भाचीला सांगतोय, वकीलपत्र आज सही करून ठेवा, लागलं नाही तर फाडून टाकू.

प्रतापगढी निकालातला एक भाग तुमच्या कामाचा आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर पोलिसांना एफआयआरच्या आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(३), डीवायएसपीची परवानगी घेऊन. सुप्रीम कोर्ट म्हणालं की बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात ही चौकशी करणंच योग्य. तर उद्या सकाळी आपण सीनियर पीआयना, म्हणजे वरिष्ठ पोलिस निरीक्षकांना, एक पानी अर्ज देतो, पूर्ण पोस्ट जोडून, की एफआयआरच्या आधी १७३(३) खाली चौकशी करा आणि आमचं म्हणणं ऐका. बऱ्याच वेळा पीआयलाही हेच हवं असतं. त्याच्यावर वरून दबाव, खालून कार्यकर्त्यांचा गोंगाट, त्याला कागदावर काहीतरी आधार दिला की तोही सुटतो. पोलिसांना शत्रू समजून बोलणारे क्लायंट आगीतून फुफाट्यात पडतात.

अटकेपर्यंत गोष्ट गेलीच तर लक्षात ठेवा, बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अपवाद असला तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. अटकेऐवजी चौकशीला बोलवायची नोटीस, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३), हातात द्यावी लागते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय, पण म्हणून ती दुर्लक्ष करून बसू नका, आली की मला पाठवा. मोबाईल जप्त करायला आले तर पंचनामा आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग आता कायद्यातच आहे, मागून घ्या, आणि पासवर्ड देण्याआधी माझ्याशी बोला. मोबाईल गेला की सिरीयलवाल्यांचं काय होतं माहितीये, कॉल टाइम, बँक, ओटीपी, सगळं त्यात. एका क्लायंटचा फोन पावणेदोन वर्षं फॉरेन्सिकमध्ये पडून होता, परत मिळाला तेव्हा बॅटरी फुगलेली.

आता चॅनल. इथे मात्र मी गोड बोलणार नाही, कारण खरा मार इथेच बसतो आणि इथे घटना फारशी कामाला येत नाही. घटनेचं कलम १९, अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं, मुळात सरकारला आवरायला आहे. जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बहुमताने म्हटलंय की १९ आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) खालचे हक्क खासगी माणसांविरुद्धही मागता येतात, तत्त्व म्हणून छान आहे, पण त्या जोरावर सिरीयलमधला रोल परत मिळवून दिलाय असं अजून माझ्या हातून तरी झालेलं नाही. काँट्रॅक्ट काढा. तुमच्या भाचीचं काँट्रॅक्ट बहुतेक प्रॉडक्शन हाऊसशी असेल, चॅनलशी नाही, हे आधी बघा, कारण फोन चॅनलमधून येतोय पण सही दुसऱ्याची आहे. त्यात कुठेतरी तेराव्या-चौदाव्या कलमात बारीक अक्षरात असतं, की कलाकाराने असं काही करू नये ज्याने चॅनलची किंवा कार्यक्रमाची प्रतिमा मलीन होईल. "असं काही" म्हणजे काय? दारू पिऊन गाडी ठोकणं, की मंत्र्यावर पोस्ट, की मतदानाच्या दिवशी शाईचं बोट दाखवताना चुकीच्या रंगाचा कुर्ता? काहीच लिहिलेलं नसतं, मुद्दामच. पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, म्हणजे आज काढलं तर तीन महिन्यांचे पैसे त्यांच्याकडे अडकलेले, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि काढतातही असं नाही की "पोस्टमुळे काढलं". ट्रॅक बदलतो. पात्र अचानक आत्याकडे सांगलीला जातं, नाहीतर जिन्यावरून पडून कोमात. मी एका मुलीचं पात्र कोमात गेलेलं टीव्हीवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या ऑफिसात बसलेली, चहा पीत.

किरण मानेचं प्रकरण आठवत असेल, जानेवारी २०२२, "मुलगी झाली हो" या सिरीयलमधून काढलं. ते म्हणाले माझ्या राजकीय पोस्टमुळे, चॅनल म्हणालं सेटवरच्या वागणुकीमुळे, सहकलाकारही दोन बाजूंनी बोलले. खरं काय ते मी सांगणार नाही, मी त्यात नव्हतो. पण बघा, भांडण कारणाचं होतं, आणि कारण कागदावर नसलं की बाहेरच्याला कधीच कळत नाही. म्हणून चॅनलवाल्यांना आज एवढंच उत्तर द्या: "तुमची सूचना कृपया मेलवर पाठवा, काँट्रॅक्टच्या कुठल्या कलमाखाली ते लिहा, मी विचार करून कळवते." पाचातले तीन इथेच थंड होतात. फोनवर दरडावणारा माणूस मेल लिहायला बसला की त्याला स्वतःचा लीगल विभाग आठवतो. आणि उद्या शूटिंग असेल तर वेळेवर जायचं, कारण सेटवर गेली नाही की काँट्रॅक्ट तिनेच मोडलं असं होतं. सिंटा या कलाकारांच्या संघटनेची मेंबर असेल तर तिथे एक पत्र देऊन ठेवा, पैसे अडकले तर उपयोग होतो.

मोठ्यांचंही हेच होतं, फक्त आकडे मोठे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान दिल्लीच्या एका पुरस्कार सोहळ्यात असहिष्णुतेवर बोलला, बायकोने देश सोडायचा का विचारलं असं म्हणाला, आणि लोकांनी राग काढला तो ज्याची तो जाहिरात करायचा त्या स्नॅपडीलवर, अ‍ॅपला एक-एक स्टार. त्या कंपनीने बिचारीने काय केलं होतं? तिने हात झटकले, पुढे करार वाढवला नाही. आणि वर्षभराने, डिसेंबर २०१६ ला, त्याचाच दंगल लोकांनी डोक्यावर घेतला. दीपिका तर ७ जानेवारी २०२० ला जेएनयूत नुसती उभी राहिली, एक शब्द बोलली नाही, तीन दिवसांवर छपाक होता, तरी बहिष्काराची हाक आलीच. आणि सगळीकडून एकच बाजू असते असंही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी सचिनने बाहेरच्यांनी नाक खुपसू नये अशा अर्थाचं ट्विट केलं तर कोचीत त्याच्या कटआऊटवर काळं तेल ओतलं, आणि आपल्या राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले की सेलिब्रिटींच्या ट्विटमागे कुणी आहे का त्याची चौकशी करू. सचिनच्या ट्विटची चौकशी!

बहिष्कार टाकणं, टीका करणं, मी याचा सिनेमा बघणार नाही म्हणणं, हे सगळं लोकांचंही अभिव्यक्ती स्वातंत्र्यच आहे, त्यावर मी नोटीस पाठवत नाही, कुणी कितीही फी दिली तरी. भाचीला वाईट वाटतंय की लोक तिला काय काय बोलतायत, तर बोलू दे. तिनेही बोललंच होतं की. माझी रेघ सोपी आहे, शब्दाला शब्द चालेल. शाई, अंडी, हातोडा आणि "घर माहितीये तुझं" हे चालणार नाही. मग तो हातोडा कुणाच्याही सरकारचा असो. कंगनाच्या पाली हिलच्या ऑफिसवर ९ सप्टेंबर २०२० ला महापालिकेने हातोडा चालवला, नोटिशीला उत्तर द्यायला चोवीस तास दिले होते, हायकोर्टाचा स्टे आला तोवर बरंचसं पाडून झालं होतं. २७ नोव्हेंबरला कोर्टाने सांगितलं की ही कारवाई आकसाने केलेली आहे, नुकसानभरपाईसाठी मूल्यमापन करा, आणि त्याच निकालात तिलाही सांगितलं की जाहीर बोलताना जरा संयम ठेवा. मला तो निकाल फार आवडतो, कारण ती काय बोलली ते कोर्टालाही पटलेलं नव्हतं. त्यावेळी ज्यांना हातोडा बरोबर वाटला त्यातल्या बऱ्याच जणांना २०२५ मध्ये हॅबिटॅटसाठी घटना आठवली, आणि २०२० मध्ये घटना घेऊन फिरणारे २०२५ मध्ये गप्प. माझ्याकडे दोन्हीकडचे क्लायंट येतात, फाईल एकच असते, फक्त वरचं नाव बदलायचं.

आणि हे काही आत्ताचं नाही. आणीबाणीत किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला तर रेडिओवरून त्याची गाणी गायब झाली होती. पुलंना १९९६ मध्ये महाराष्ट्र भूषण मिळाला, ते ठोकशाहीबद्दल बोलले, तर ज्यांच्या सरकारने पुरस्कार दिला त्यांच्याच नेत्याने जाहीर झोडपलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये काळा घोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमोल पालेकर प्रभाकर बरव्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला बोलत होते, सल्लागार समित्या का मोडल्या असं विचारलं, तर बोलत असतानाच त्यांना मध्येच सांगितलं, विषयावर बोला, हे थांबवा. त्यांनी तिथेच, त्याच माइकवर, यवतमाळच्या साहित्य संमेलनात नयनतारा सहगलांचं निमंत्रण कसं मागे घेतलं तेही सांगितलं. ना एफआयआर ना शाई. पण खोलीतले सगळे खाली बघत होते म्हणतात, त्याला कलम नसतं.

शेवटचं, माफीचा व्हिडिओ. चॅनलने मजकूर पाठवलाय म्हणालात, तो मला पाठवा, वाचल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर बसवू नका पोरीला. काही वर्षांपूर्वी एक नट रात्री अकरा वाजता माझ्याकडे न येता सरळ व्हिडिओ टाकून मोकळा झाला. मजकूर प्रॉडक्शनच्या कुणीतरी लिहून दिलेला, "मी समाजात तेढ निर्माण करणारं विधान केलं याची मला जाणीव आहे." बघा हं, तेढ! कलमातला शब्दच त्याच्या तोंडी घातला. तो व्हिडिओ लिहून काढून तक्रारीला जोडला, पान नंबर अकरा, आणि आम्ही गुन्हा रद्द करायला हायकोर्टात गेलो तर सरकारी वकिलांनी दुसरं काही न बोलता पान अकरा वाचून दाखवलं. जज माझ्याकडे बघतायत, मी क्लायंटकडे, क्लायंट पंख्याकडे. शेवटी सुटला, पण त्या एका शब्दाने आठ महिने वाढवले. आणि माफी मागून चॅनलने ठेवला का? नाही ठेवला.

माफी मागूच नये असं माझं म्हणणं नाही. शब्द खरंच चुकला असेल, कुणाच्या जातीवर, शरीरावर, घरच्या बाईवर गेला असेल तर माणूस म्हणून मागावी, लगेच मागावी. तुम्ही पाठवलेली पोस्ट मी वाचली, त्यात मंत्र्यांच्या कामावर टोमणा आहे, घरच्यांवर काही नाही, मला त्यात माफी मागण्यासारखं काही दिसत नाही. फार तर "माझी टीका कामावर होती, कुणाला व्यक्तिशः दुखवायचं नव्हतं," दोन ओळी, लेखी, व्हिडिओ नको, तेही उद्या मी पीआयना भेटून आल्यावर. जमावाच्या धाकाने माफी मागायला कोर्टानेही लावू नये हे २०२५ मध्ये कमल हासनच्या वेळी सुप्रीम कोर्टाने बोलून दाखवलंय. तो कन्नड भाषा तमिळमधून आली असं म्हणाला होता, कर्नाटक हायकोर्ट म्हणालं माफी मागून मोकळे व्हा की, आणि दिल्लीत न्यायमूर्तींनी विचारलं की माफी मागायला सांगणं हे हायकोर्टाचं काम आहे का. त्याने मागितली नाही. त्याचा सिनेमा ५ जूनला देशभर लागला, कर्नाटकात लागला नाही. तेवढी किंमत त्याला परवडली, तुमच्या भाचीला काय परवडतं ते तिचं तिने ठरवायचं, तुम्ही नाही आणि मीही नाही. मी फक्त कुठल्या शब्दाची किती किंमत ते सांगू शकतो.

तर आता तिला जेवून झोपायला सांगा, फोन तुमच्याकडे घ्या, चार्जिंगला लावून सायलेंट करा. कॉल टाइम सातचा असेल तर तिने सातला मेकअप रूममध्ये असायचं, तुम्ही साडेनऊला मला पोलिस स्टेशनच्या बाहेर भेटा. पूर्ण पोस्टच्या तीन प्रती, काँट्रॅक्टची झेरॉक्स, आधार, आणि धमक्यांचे स्क्रीनशॉट प्रिंट करून. रंगीत नको, ब्लॅक अँड व्हाइट चालतं.